आडवी बाटली: गावातलं दारूचं दुकान मतदानाने कसं बंद करतात

कलेक्टर कचेरीत रोज निवेदनं येतात. रस्ता करा, टँकर पाठवा, एसटीची फेरी वाढवा. बहुतेकांवर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि कागद खालच्या टेबलावर सरकतो. तिथे तो पडून राहिला तरी अधिकाऱ्याला जाब विचारता येत नाही, कारण ती मागणी मान्य करणं न करणं त्याच्या हातात असतं.

दारूचं दुकान बंद करण्याचा अर्ज या ढिगात बसत नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली राज्य सरकारने २००८ साली काढलेल्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी) लेखी मागणी केली, तर सह्या तपासून गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की परवाना बंद. इथे सही मोजली जाते आणि मोजलेल्या सहीला कायदेशीर वजन असतं.

वरच्या वाक्यातला ‘एकूण’ हा शब्द नीट वाचा. निम्म्याहून जास्त म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, तर यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त. जी घरी राहिली, जी मुंबईला नोकरीला गेली, जी चार वर्षांपूर्वी वारली पण यादीत अजून जिवंत आहे, त्या सगळ्यांची मतं उभ्या बाटलीला पडली असंच धरून चालायचं. मोर्चाला गर्दी करणारी गावं मतदानात हरतात ती बहुतेक वेळा याच हिशेबात.

१. आधी दुकानाची जात ओळखा

मतदानाचा मार्ग फक्त परवाना असलेल्या दुकानासाठी आहे. पाटीवर किंवा काउंटरमागे परवान्याचा प्रकार लिहिलेला असतो. सीएल-३ म्हणजे देशी दारूची किरकोळ विक्री, एफएल-२ म्हणजे वाइन शॉप, एफएल-३ म्हणजे परमिट रूम, एफएल/बीआर-२ म्हणजे बिअर शॉपी. गावात यांपैकी जेवढी असतील तेवढी सगळी, परवानाधारकाचं नाव आणि क्रमांकासह, टिपून घ्या. अर्जात एखादं सुटलं की नंतर ‘आमच्याविरुद्ध मागणीच नव्हती’ हा मुद्दा आयता मिळतो.

हातभट्टी, टपरीवरची चोरटी विक्री, किराणा दुकानातून मिळणारं पार्सल, यांना मतदान लागत नाही. ते मुळातच गुन्हे आहेत. तिथे कलम ६५ (ई) खाली पोलीस ठाण्यात आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार करायची. अवैध विक्रीविरुद्ध सह्या गोळा करत बसलात तर तीन महिने वाया जातील आणि विकणारा सावध होईल.

गाव अनुसूचित (आदिवासी म्हणून जाहीर केलेल्या) क्षेत्रात असेल तर आणखी एक दार उघडं आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला आहे आणि महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ पासून आहेत. नंदुरबार, पालघर किंवा नाशिक जिल्ह्यातल्या अशा गावांनी आधी ग्रामसभेचा ठराव हाच रस्ता तपासावा.

दुकानाची कागदपत्रं माहिती अधिकारात मागवा. अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, जनमाहिती अधिकारी, अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क यांच्या नावे. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा पल्लेदार प्रस्तावना नको. मागायचं ते असं: परवान्याची प्रत, मंजूर जागेचा नकाशा आणि चतुःसीमा, ग्रामपंचायतीच्या ना-हरकत ठरावाची प्रत, गेल्या पाच वर्षांतल्या नूतनीकरणाचे आदेश, दुकानावर नोंदलेले विभागीय गुन्हे. सोबत २००८ च्या आदेशाची आजवरच्या सगळ्या दुरुस्त्यांसह प्रत. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टँपसह पहिलं अपील.

ही कागदपत्रं कधी कधी मतदानाची गरजच संपवतात. परवाना एका गट नंबरवर आणि दुकान दुसऱ्याच जागी, असं निघतं. ना-हरकत ठरावाच्या तारखेला ग्रामसभा झालीच नव्हती, असंही निघतं. दुकान महामार्गालगत असेल तर अंतर मोजा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांप्रमाणे २०१७ पासून राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या कडेपासून ५०० मीटर, आणि २० हजारांपर्यंत वस्ती असलेल्या ठिकाणी २२० मीटर, हे अंतर लागू झालं. पुढे शहरी हद्दी आणि विकसित ग्रामपंचायती यांना त्यातून सवलती मिळाल्या, म्हणून ‘महामार्गावर आहे म्हणजे बेकायदा’ असं छातीठोक लिहू नका. संबंधित दुकानाला कोणत्या आदेशाने सूट दिली, त्याची प्रत मागा.

२. मतदार यादी साफ करा, मगच सह्यांचा कागद काढा

कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग हाच, आणि निकाल ठरतो तो इथेच.

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर यादी भागनिहाय मिळते. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार पाडलेली असते. छापील प्रत घ्या आणि गल्लीगल्लीने चार रंगांच्या पेनांनी खुणा करा: गावात राहते, बाहेरगावी आहे पण बोलावली तर येईल, कायमची गेली, मयत.

आता एक हिशेब मांडू. समजा यादीत १,२४० बायका आहेत. मागणीसाठी ३१० सह्या लागतील. मतदानात मात्र ६२१ मतं लागतील. गावात प्रत्यक्ष ८२० जणी मतदानाला आल्या, म्हणजे तशी गर्दी मोठीच, तरी त्यातल्या चारांतल्या तीनहून थोड्या जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा. आता यादीतल्या १२० जणी मयत किंवा कायमच्या गेलेल्या निघाल्या आणि त्यांची नावं वगळली गेली, तर एकूण संख्या १,१२० वर येते आणि लागणारी मतं ५६१. साठ मतं एकही भाषण न करता कमी झाली.

नाव वगळायला नमुना ७, पत्ता बदल किंवा दुरुस्तीला नमुना ८, नवीन नावाला नमुना ६. हे अर्ज बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) द्या किंवा ऑनलाइन भरा. मयताच्या बाबतीत मृत्यू दाखल्याची प्रत जोडली की काम लवकर होतं.

सगळ्यात जास्त गोंधळ लग्न झालेल्या मुलींचा असतो. सासरी गेलेल्या लेकीचं नाव माहेरच्या यादीत तसंच राहतं आणि गावात आलेल्या सुनेचं नाव यादीत चढलेलंच नसतं. म्हणजे दारूचा त्रास जिला रोज सोसावा लागतो तिला मत नाही, आणि जिला मत आहे ती दोनशे किलोमीटरवर. सुनांचे नमुना ८ आधी भरा, त्यांना पुढची सगळी लढाई घरातच लढायची आहे. १८ पूर्ण होणाऱ्या मुलींसाठी आता वर्षातून चार अर्हता दिनांक (ज्या तारखेला वय मोजतात ते) आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.

नाव वगळण्याचे अर्ज खरेच असले पाहिजेत. विरोधी घरातल्या बायकांची नावं नमुना ७ भरून उडवण्याची कल्पना कुणीतरी सुचवतंच. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, आणि एक जरी प्रकरण बाहेर आलं तरी सगळ्या मोहिमेवर शिंतोडे उडतात.

३. वेळ निवडा

मतदानाची तारीख प्रशासन ठरवतं, पण अर्ज कधी द्यायचा ते तुमच्या हातात आहे. अर्ज, पडताळणी, मतदान यांत काही महिने जातात, म्हणून उलटं मोजा. बीड किंवा अहिल्यानगरकडची ऊसतोडीला जाणारी गावं दिवाळीनंतर अर्धी रिकामी होतात. विदर्भात कापूस वेचणीच्या दिवसांत बाई दुपारी गावात सापडत नाही. लग्नसराईत निम्म्या माहेरी. आठवडी बाजाराचा दिवस तर हमखास बुडतो. अर्जासोबतच लेखी विनंती करा की मतदान बाजाराचा दिवस सोडून घ्यावं आणि वेळ सकाळी लवकर सुरू करून संध्याकाळपर्यंत ठेवावी, म्हणजे मजुरीवरून येणाऱ्या बायकांना शिक्का मारता येईल.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की सगळं पुढे ढकललं जातं. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, कोणती निवडणूक कधी आहे हे तहसील कचेरीत विचारून घ्या. ग्रामपंचायत निवडणूक तोंडावर असताना हा विषय काढला तर तो दारूचा न राहता दोन पॅनेलचा होतो. त्यातून वाचलेलं गाव विरळा.

४. सह्यांचा कागद

कोऱ्या वहीवर सह्या घेऊ नका. ही चूक इतकी सर्रास होते की दुकानदाराचा वकील आधी तेच शोधतो. पुढे कुणीतरी दहा-वीस बायकांकडून प्रतिज्ञापत्रं आणतो: ‘बचत गटाच्या कर्जाचा कागद आहे असं सांगून सही घेतली.’ प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणीचा पूर्ण मजकूर छापलेला असेल तर हे प्रतिज्ञापत्र टिकत नाही.

मजकूर चार ओळींत बसतो (अनुज्ञप्ती म्हणजे परवाना):

‘आम्ही खाली सह्या करणाऱ्या मौजे ____, ता. ____, जि. ____ येथील महिला मतदार मागणी करतो की, गावातील पुढील अनुज्ञप्त्या बंद करण्यासाठी नियमानुसार गुप्त मतदान घ्यावे. (प्रकार, अनुज्ञप्ती क्रमांक, धारकाचे नाव) हा मजकूर आम्हांला वाचून दाखवला आहे व तो आम्हांला समजला आहे.’

खाली रकाने: अनुक्रमांक, यादी भाग क्रमांक, यादीतला अनुक्रमांक, मतदार ओळखपत्र क्रमांक, यादीत आहे तसंच नाव, सही किंवा अंगठा, तारीख. एका पानावर पंधरा ते वीस सह्या पुरेत. पानांना क्रमांक द्या आणि प्रत्येक पानाखाली सही घेणारीचं नाव असू द्या.

काही बारीक गोष्टी:

नाव यादीतलंच लिहा, ते चुकीचं छापलेलं असलं तरी. यादीत ‘मंगल’ आणि कागदावर ‘मंगला’ असेल तर पडताळणीत वाद होतो.

सही नेहमी करते तशीच हवी. नव्याने सही शिकलेल्या बायका एकदा एक करतात, एकदा दुसरी. बचत गटाच्या बँक खात्यावर जशी आहे तशी करायला सांगा.

अंगठ्याजवळ कुठल्या हाताचा ते आणि साक्षीदाराचं नाव लिहा. एकीने चार घरच्या सह्या ‘तिच्या वतीने’ केलेलं एक जरी पान निघालं तर सगळ्या गठ्ठ्यावर संशय येतो. घरात नसेल तर पुन्हा जा.

किती सह्या? किमान आकड्याच्या दीडपट. आपल्या उदाहरणात ३१० ऐवजी ४६५. पडताळणीच्या दिवशी गळती होणारच आहे, ती आत्ताच धरून चाला.

ऑनलाइन याचिकेचा इथे उपयोग नाही. पुण्या-मुंबईत गेलेल्या गावकऱ्यांच्या दहा हजार क्लिकमधून कलेक्टरला एकही मतदार मोजता येत नाही. त्या मंडळींना दुसरं काम द्या. ज्यांची नावं अजून गावच्या यादीत आहेत अशा बायकांना मतदानादिवशी गावी आणण्याची गाडी त्यांनी करावी.

५. महिला ग्रामसभेचा ठराव

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यात आहेच. तिथे विषयपत्रिकेवर हा विषय लेखी देऊन घ्या. ग्रामसभेची गणपूर्ती (किमान उपस्थिती) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. ठराव झाला की लगेच इतिवृत्तात नोंद झाली का ते वाचून पाहा. सूचक आणि अनुमोदक यांची नावं, उपस्थितीच्या सह्या, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही. सात-आठ दिवसांत प्रमाणित प्रत मागा. ‘इतिवृत्त अजून लिहायचंय’ हे उत्तर दोनदा मिळालं तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, कारण मागाहून लिहिलेल्या इतिवृत्तात ठरावाची भाषा बदलते. ‘दुकान बंद करण्यासाठी मतदान घ्यावे’ याचं ‘दुकान गावाबाहेर हलवावे’ होऊन जातं.

६. अर्ज दाखल करा

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क यांना. माहितीसाठी तहसीलदार आणि पोलीस ठाणे. गठ्ठ्यात हे असावं:

• मागणी अर्ज आणि सह्यांची मूळ पानं, पान क्रमांकांसह
• मतदार यादीची छापील प्रत, सही करणाऱ्यांच्या नावांवर खूण करून
• एक पानी गोषवारा: एकूण महिला मतदार, सह्या, टक्केवारी
• महिला ग्रामसभेच्या ठरावाची प्रमाणित प्रत
• दुकानांची यादी, परवाना क्रमांकांसह
• पत्रव्यवहारासाठी पाच-सहा महिलांची नावं आणि पत्ते

मूळ पानं देण्याआधी सगळ्यांच्या झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो. मूळ कागद ‘गहाळ’ झाल्यावर हळहळून उपयोग नाही. आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घ्या. साहेबांच्या हातात देऊन फोटो काढला म्हणजे अर्ज दाखल झाला असं होत नाही. फोटो काढा जरूर, पण खालच्या टेबलावर जाऊन शिक्का मारून घ्या.

७. सह्यांची पडताळणी: इथे सर्वांत जास्त गावं बाद होतात

ठरलेल्या दिवशी उत्पादन शुल्कचे कर्मचारी गावात येतात. सही करणारीने समोर हजर राहून ओळख पटवायची असते. जेवढ्या जणींची ओळख पटली तेवढ्याच मोजल्या जातात. ४६५ सह्या असून २८० आल्या तर मागणी तिथेच संपली.

नोटीस कधी कधी दोन दिवस आधी येते. म्हणून अर्ज दिल्या दिवसापासून गल्लीप्रमुख नेमून ठेवा, एकीकडे वीस-पंचवीस घरं. प्रत्येकीकडे सही करणाऱ्यांची यादी, फोन क्रमांक आणि ओळखपत्राची झेरॉक्स. पडताळणी चावडीवर आहे की शाळेत, किती वाजता सुरू होणार, वस्तीवरच्या बायकांना कोण आणणार, हे कागदावर लिहा. पुरुषांची गर्दी मंडपाबाहेर ठेवा, आपलीही आणि त्यांचीही. दुकानाचा माणूस दारात उभा राहून नावं टिपत असेल तर तिथल्या तिथे अधिकाऱ्याला लेखी सांगा.

संध्याकाळी पंचनाम्यातला आकडा वाचून घ्या, मगच अधिकाऱ्यांना निरोप द्या. आपल्या बाजूने दोघींनी दिवसभर स्वतंत्र मोजणी करावी. नाकारलेल्या प्रत्येक सहीसमोर कारण लिहिलं आहे ना, तेही पाहा.

८. कागद अडला तर दबाव कुठे लावायचा

पडताळणी झाली आणि मतदानाची तारीखच येत नाही, हा ठरलेला अनुभव. आता आंदोलनाचा खरा उपयोग. अर्ज द्यायच्या आधी काढलेला मोर्चा गावाला शक्ती देतो, पण अधिकाऱ्याला त्यावर करण्यासारखं काही नसतं. पडताळणी पूर्ण झाल्यावर काढलेल्या मोर्चाची मागणी एका ओळीची असते: तारीख जाहीर करा. ती पूर्ण करता येते आणि ती न केल्याचं कारण देता येत नाही.

क्रम असा ठेवा. आधी स्मरणपत्र, आवक क्रमांकाचा उल्लेख करून. मग माहिती अधिकारात ‘या क्रमांकाच्या अर्जावरील टिप्पणी आणि दैनंदिन प्रगती’. मग दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा जिल्हा लोकशाही दिन. अधिवेशन चालू असेल तर आमदारांकरवी तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी. विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे, तिच्याकडेही आमदारांमार्फत जाता येतं. स्थानिक बातमीदाराला प्रेसनोट देताना आकडा आणि तारीख द्या: ‘पडताळणीत इतक्या सह्या ग्राह्य, अमुक तारखेला अहवाल सादर, त्यानंतर इतके दिवस निर्णय नाही.’ ‘महिलांमध्ये संतापाची लाट’ ही ओळ तो स्वतः लिहील.

मोर्चा किंवा धरणं धरायचं तर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश बऱ्याचदा लागू असतो आणि परवानगीशिवाय जमलात तर गुन्हे महिलांवर लागतात. रास्ता रोको शेवटी, शक्यतो नाहीच. दुकानावर दगडफेक, बाटल्या फोडणं, मालकाला कोंडणं अजिबात नको. फोडलेल्या बाटल्यांचा फोटो एका दिवसाच्या बातमीत दिसतो, कोर्टाच्या तारखा मात्र वर्षानुवर्षं चालतात. शिवाय, ‘गावात तणाव आहे’ हे मतदान पुढे ढकलायला चांगलं निमित्त ठरतं.

९. मतदानापर्यंतचे दिवस

इथे घरोघर फिरण्याला पर्याय नाही. यादीवर तीन खुणा ठेवा: पक्की, डळमळीत, बाहेरगावी. पक्कीकडे एकदा जा, डळमळीतकडे चारदा. सभेत हात वर करणारी प्रत्येकजण पक्की नसते, आणि ज्या घरचा कर्ता दुकानात कामाला आहे तिथली बाई विरोधातच असेल असंही नसतं. मतदान गुप्त आहे, शिक्का कुठे मारला हे नवऱ्यालाही कळणार नाही, हे प्रत्येकीला एकेकटीला सांगा. चारचौघीत सांगून फारसा फरक पडत नाही.

समोरून येणारे मुद्दे ठरलेले आहेत. साडी, पैसे, देवळाला देणगी. त्यानंतर ‘परवान्याचं बंद झालं तर हातभट्टी येईल, विषारी पिऊन माणसं मरतील.’ या शेवटच्या मुद्द्याला हसून उडवू नका, त्यात तथ्य आहे. चंद्रपूर जिल्ह्यात महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली आणि २०२१ साली राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. तेव्हा दिलेल्या कारणांत अवैध दारूच पुढे होती. म्हणून मतदानाआधीच सांगा की अवैध विक्रीवर गाव काय करणार आहे, कोण लक्ष ठेवणार आहे.

आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या ‘उमेद’ अभियानातल्या ताई गावात सर्वांना ओळखतात, त्यामुळे त्यांना पुढे करण्याचा मोह होतो. त्यांच्या नोकरीवर तक्रार होते. त्यांनी मतदार म्हणून सही करावी आणि मतही द्यावं, प्रचाराची धुरा दुसऱ्या कुणीतरी घ्यावी.

मतपत्रिकेचा नमुना काढून प्रत्येक गल्लीत सराव घ्या. निवडणुकीत आता मशिनचं बटण दाबायची सवय झाली आहे, कागदावर शिक्का मारून घडी घालणं तरुण मुलींनी पाहिलेलंही नसतं. दोन्ही चित्रांवर शिक्का, मधल्या रेषेवर शिक्का, शिक्क्याऐवजी अंगठा, ही मतं बाद होतात. म्हाताऱ्या बायका कधी कधी ‘हे नको’ म्हणून उभ्या बाटलीवर शिक्का मारून येतात. त्यांना एकच सांगायचं: जी पडलीय तिच्यावर मार.

मतदानादिवशी दर दोन तासांनी यादीवर टिक करा. दुपारी दोनपर्यंत लागणाऱ्या आकड्याच्या निम्मी मतं पडली नसतील तर मळ्यात माणसं पाठवा. मजुरी बुडते म्हणून न येणाऱ्या बायकांसाठी शेतमालकांशी आदल्या दिवशी बोलून ठेवलेलं असावं. मतमोजणी साधारण त्याच दिवशी होते. मोजणीच्या वेळी हजर राहण्यासाठी प्रतिनिधींची नावं आधीच लेखी द्या.

शहरातल्या प्रभागात हाच नियम चालतो, फक्त प्रभागाची यादी मोठी आणि भाडेकरू हललेले असतात, त्यामुळे निम्मा आकडा गाठणं कितीतरी अवघड. तिथे नवीन दुकान येण्याआधीच अडवणं सोपं पडतं. गृहनिर्माण सोसायटीच्या जागेत बिअर शॉपी किंवा दारू दुकान सुरू करायला सोसायटीची ना-हरकत बंधनकारक करण्याची घोषणा मार्च २०२५ मध्ये विधानसभेत झाली. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून तो अधीक्षकांकडे आधीच नोंदवून ठेवा.

१०. जिंकल्यानंतर

निकालाच्या रात्री गुलाल उधळला तरी दुकान दुसऱ्या दिवशी उघडं दिसू शकतं. परवाना बंद करण्याचा लेखी आदेश निघावा लागतो. निकालाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागा आणि आदेशासाठी आठवड्याने स्मरणपत्र द्या. आदेश निघाला की साठ्याचा पंचनामा आणि सील होताना गावातल्या दोन महिला पंच असाव्यात.

मालक स्वस्थ बसत नाही. दारूबंदी कायद्याच्या कलम १३७ खाली राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील, तिथून पुढे शासन, उच्च न्यायालय. पहिला प्रयत्न स्थगितीचा असतो. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळू नये म्हणून वकिलाकडून कॅव्हेट दाखल करा. त्याची मुदत ९० दिवसांची असते, संपली की नवीन. वकिलाला सह्यांच्या झेरॉक्स, पडताळणीचा पंचनामा, मतमोजणीचा तक्ता असा पूर्ण संच द्या. मालकाचा वकील दोषच शोधणार आहे: नोटीस नीट दिली नाही, यादी जुनी होती, मतदानाची वेळ कमी होती. या तिन्हींची उत्तरं तुमच्या फाइलमध्ये तारखेनिशी हवीत.

दुसरी चाल स्थलांतराची. दुकान शेजारच्या गावाच्या हद्दीत, तुमच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर मागितलं जातं. त्या ग्रामपंचायतीच्या विषयपत्रिकेवर नजर ठेवा आणि तिथल्या बायकांना लागणारी सगळी कागदपत्रं तुमच्याकडची द्या.

तिसरी गोष्ट अवैध विक्री. २०१६ च्या कायदा दुरुस्तीने ग्रामरक्षक दल स्थापन करण्याची तरतूद झाली आहे. ग्रामसभेत ठराव करून दल नेमून घ्या, म्हणजे खबर देणाऱ्याला कायद्याचा आधार राहतो. पोलीस ठाण्यात दिलेल्या प्रत्येक तक्रारीची पोच एका वहीत चिकटवा: तारीख, ठिकाण, काय सापडलं, कोणतं कलम लावलं. एकाच माणसावर वारंवार गुन्हे नोंद झाले की कलम ९३ खाली चांगल्या वर्तनाचा बाँड घेण्याची मागणी करता येते, आणि त्यावेळी हीच वही पुढे ठेवायची असते. वही सांभाळणारी बाई एकटी नको, दोघी असाव्यात, आणि एक संच गावाबाहेर कुणाकडे तरी राहू द्या.